एक शहर, दोन बिशप : मुंबईतील एका धार्मिक तंट्याची आणि समेटाची गोष्ट

१/
दादर पश्चिमेला ‘पोर्तुगीज चर्च’ नावाचा बसथांबा आहे. चर्चचे खरे नाव साल्व्हासांव, म्हणजे तारणमातेचे मंदिर. आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात उभारली. तिच्यात पोर्तुगीज शैलीचा मागमूस नाही. पोर्तुगीजांनी मुंबई बेट सोडले त्यालाही साडेतीनशे वर्षे उलटली. मग हे नाव का टिकले? या प्रश्नामागे दोन शतकांचे एक भांडण दडले आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
भांडण हिंदू-ख्रिस्ती नव्हते, कॅथलिक-प्रोटेस्टंटही नव्हते. एकच श्रद्धा, एकच मिस्सा, एकच पोप मानणाऱ्या माणसांमधले होते. धर्मतत्त्वाचा एकही मुद्दा वादात नव्हता. प्रश्न एवढाच होता : आमच्यावर अधिकार कोणाचा? गोव्याच्या आर्चबिशपचा, की रोमने थेट पाठवलेल्या बिशपचा? घरातले भांडण किती लांबते आणि मिटते तेव्हा नेमके कशाने मिटते, हे पाहण्यास याहून बोलके उदाहरण आपल्या परिसरात क्वचितच सापडेल.

३/
दोन शब्द आधी समजून घेऊ. पहिला ‘पाद्रोआदो’. हा पोर्तुगीज शब्द असून त्याचा अर्थ आश्रयाधिकार. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपनी पोर्तुगालच्या राजाशी एक व्यवहार केला. पूर्वेकडील प्रदेशांत राजाने चर्च बांधावीत, धर्मगुरूंचा खर्च सोसावा. त्या बदल्यात बिशप कोण व्हावा हे सुचविण्याचा हक्क त्याचा. गोवा हे या व्यवस्थेचे केंद्र. १५३४ मध्ये तेथे धर्मप्रांत स्थापन झाला आणि पुढे त्याच शतकात त्याला आर्चबिशपच्या पीठाचा दर्जा मिळाला.

४/
दुसरा शब्द ‘प्रोपागांडा’. आज त्याला प्रचारकी खोटेपणाचा वास येतो. मुळात ते रोममधील एका खात्याचे नाव. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी श्रद्धाप्रसारासाठी ही परिषद स्थापन केली. पोर्तुगालचे बळ ओसरत चालले होते, पण हक्क मात्र अबाधित होता. जेथे राजाचा झेंडा कधी पोहोचला नाही, तेथेही गोव्याची परवानगी लागे. रोमला आता स्वतःचे हात हवे होते.

५/
या नव्या धोरणाचा आपल्या भागातील पहिला मानकरी गोव्याचाच सुपुत्र होता : मातेउश द काश्त्रु. दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळात जन्म. गोव्याच्या वरिष्ठांनी दीक्षा नाकारली, म्हणून तो रोमला गेला, शिकला, धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतला. त्याचे कार्यक्षेत्र आदिलशाही मुलूख, मुक्काम डिचोलीस. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला अखेरपर्यंत मान्यता दिली नाही. पुढे मुंबईवर अधिकार सांगणारी रोमची परंपरा याच पदातून निघाली.

६/
ही नोंद नीट लक्षात ठेवावी. प्रोपागांडाचा आरंभीचा एक हेतू स्थानिक माणसांतून धर्मगुरू व बिशप घडविण्याचा होता. पाद्रोआदोच्या गोव्यात वरची पदे युरोपीयांची मक्तेदारी होती. दोनशे वर्षांनी मुंबईत हे चित्र जवळजवळ उलटे झालेले आपल्याला दिसेल. दीर्घ भांडणात पक्षांची नावे तीच राहतात. त्यांच्यामागची माणसे आणि कारणे मात्र बदलत जातात.

७/
आता मुंबईकडे येऊ. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देऊ केली. १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा गेला आणि १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. राज्य प्रोटेस्टंट इंग्रजांचे, प्रजेतील ख्रिस्ती कॅथलिक, त्यांचे पाद्री पोर्तुगीज फ्रान्सिस्कन आणि त्या पाद्रींचा वरिष्ठ गोव्यात. शेजारी साष्टी आणि वसई अजून पोर्तुगीजांकडेच. या पाद्रींची निष्ठा कोणाशी, हा संशय कंपनीच्या मनातून कधी गेला नाही.

८/
१७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यांनी निर्णय घेतला. पोर्तुगीज पाद्रींना बेटाबाहेर काढले आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट संघाच्या बिशपला मुंबईची चर्च सांभाळण्यास बोलावले. भक्तांना कोणी विचारले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला, ते धर्मगुरू एका सरकारी हुकुमाने गेले आणि नवे आले. तंट्याचे बी येथे रुजले.

९/
१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. साष्टी-वसईतले युरोपीय संन्यासी बव्हंशी निघून गेले. करारानुसार काही चर्च चालू राहिली आणि मराठी बोलणाऱ्या तेथील ख्रिस्ती शेतकऱ्यांची व कोळ्यांची धुरा गोव्याहून आलेल्या भारतीय धर्मगुरूंनी वाहिली. मुंबई बेटावर इटालियन कार्मेलाइट आणि खाडीपलीकडे गोव्याचे पाद्री, असे दोन संसार सुरू झाले. लग्नकार्ये, सोयरीक, सण मात्र खाडी ओलांडूनच चालत.

१०/
गोव्याच्या पक्षाने मुंबईवरील दावा सोडला नव्हता. १७८९ मध्ये कंपनीच्या लंडनमधील संचालकांकडून अनुकूल हुकूम मिळाला आणि कार्मेलाइटांचा अधिकार गेला. दुसऱ्या बाजूने तक्रारी सुरू झाल्या. दोनच वर्षांत निर्णय फिरला. मग पहिल्या बाजूच्या तक्रारी. अखेर १७९४ मध्ये कंपनी सरकारने तोडगा काढला : मुख्य चार चर्चची वाटणी करावी, दोन यांना, दोन त्यांना.

११/
माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्व्हासांव गोव्याच्या पक्षाकडे गेले. एस्परान्सा आणि माहीमचे सेंट मायकल रोमच्या पक्षाकडे राहिले. वडिलोपार्जित वाड्यात भिंत घालावी, तसे हे झाले. भिंतीने रोजची हाणामारी थांबते हे खरे. पण भिंतीपलीकडे गेलेली खोली आपली होती, ही भावना थांबत नाही. एकाच बेटावर आता दोन बिशपांची सत्ता अधिकृत झाली.

१२/
येथे क्षणभर थांबून ख्रिस्ती धर्मग्रंथ याविषयी काय सांगतो ते पाहू. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात तंटा मिटविण्याचा क्रम दिला आहे : आधी बंधूला एकांतात भेटावे, न ऐकल्यास एक-दोन साक्षीदार न्यावेत, तरीही न जमल्यास मंडळीपुढे ठेवावे. आणि आपसातले वाद बाहेरच्या न्यायासनापुढे नेऊ नयेत, असे पौलाने करिंथच्या मंडळीला बजावले होते. मुंबईत दोन्ही पक्षांनी पहिल्या पायऱ्या टाळल्या आणि थेट प्रोटेस्टंट गव्हर्नराचा दरवाजा ठोठावला.

१३/
तंटा आणखी चिघळला तो युरोपातील घडामोडींनी. १८३४ मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले. रोम आणि लिस्बन यांचे संबंध तुटले. १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ हा आदेश काढून ब्रिटिश मुलखातील पाद्रोआदोचा अधिकार जवळजवळ संपविला आणि सर्वांना रोमच्या बिशपांची आज्ञा मानण्यास सांगितले.

१४/
गोव्याच्या पक्षाने आदेश स्वीकारला नाही. त्यांचा युक्तिवाद असा : पाद्रोआदो हा दोन पक्षांमधील करार आहे; राजाच्या संमतीवाचून तो एकतर्फी मोडता येत नाही. रोमच्या बाजूचे लोक त्यांना फुटीर म्हणू लागले; ‘गोव्याची फूट’ हे नाव तेव्हाच रूढ झाले. गोव्यातील पाद्री आणि त्यांचे भक्त स्वतःला मात्र क्षणभरही फुटीर मानत नव्हते. आपण पोपविरोधी नाही, पोपना कोणीतरी चुकीची माहिती दिली आहे, अशी त्यांची धारणा होती.

१५/
या वादाकडे केवळ पोर्तुगीज विरुद्ध रोम असे पाहिले, तर अर्धे सत्य निसटते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ‘पोर्तुगीज’ म्हटल्या जाणाऱ्या पक्षाचे पाद्री प्रामुख्याने गोव्याचे, म्हणजे भारतीय होते. रोमच्या पक्षाचे वरिष्ठ इटालियन, स्विस आणि पुढे जर्मन. अनेक भक्तांसाठी पाद्रोआदोला चिकटून राहणे म्हणजे आपल्या रंगाच्या, आपली भाषा समजणाऱ्या धर्मगुरूला चिकटून राहणे होते. मातेउश द काश्त्रुच्या काळाशी तुलना करा. चक्र पुरते फिरले होते.

१६/
सर्वांत कटू प्रसंग १८५३ सालचा, माहीमचा. सेंट मायकलच्या भक्तांतील मोठा गट आपले चर्च गोव्याच्या अधिकाराखाली नेऊ पाहत होता. रोमच्या पक्षाचे बिशप आनास्तासियुस हार्टमान, स्विस कॅपुचिन संन्यासी, आपल्या माणसांसह चर्चमध्ये जाऊन बसले. बाहेर विरोधकांनी वेढा दिला. ज्या दारातून लोक प्रार्थनेस येत, त्याच दाराशी अनेक दिवस एकाच धर्माचे दोन जमाव समोरासमोर उभे ठाकले. अखेर सरकारला मध्ये पडावे लागले आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेले.

१७/
हार्टमान खलनायक नव्हते. साधे, कष्टाळू म्हणून त्यांचा लौकिक होता; मुंबईतील आजचे ‘एक्झामिनर’ हे साप्ताहिक १८५० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले आणि पुढे रोमने त्यांना संतपदाच्या वाटेवरील ‘वंदनीय’ ही पदवी दिली. चर्च वाचविणे हे त्यांना कर्तव्य वाटत होते. दाराबाहेरच्या लोकांनाही अगदी तसेच वाटत होते. दोन्ही बाजूंना कर्तव्यच दिसत असेल, तर तंटा सर्वांत अवघड होतो. माघार घेणे हे पाप वाटू लागते.

१८/
मग करारांचे युग आले. १८५७ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. पण तो बव्हंशी कागदावरच राहिला. २३ जून १८८६ रोजी दुसरा तह झाला. पोप तेरावे लिओ यांनी त्याच वर्षी भारतात नियमित धर्मप्रांतांची रचना जाहीर केली. मुंबई हे रोमच्या बाजूचे आर्चबिशपचे पीठ झाले. पाद्रोआदोच्या बाजूने दमणचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. साष्टी-वसईकडील जुनी चर्च मुख्यतः दमणच्या छत्राखाली आली.

१९/
फुटीचा कलंक पुसला गेला. दोन्ही पक्ष आता पोपच्या नजरेत वैध होते. पण मुंबईत भिंत तशीच राहिली, उलट पक्की झाली. एकाच गल्लीतील दोन कॅथलिक घरे दोन वेगळ्या बिशपांच्या अधिकाराखाली असू शकत. माणूस कोठे राहतो यापेक्षा तो कोणत्या परंपरेतला, यावर त्याचा धर्मप्रांत ठरे. शांतता झाली, पण समेट झाला नाही.

२०/
याच सुमारास समाजातही नव्या रेषा उमटल्या. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुंबई-साष्टी-वसईच्या मूळ कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि आपली संघटना स्थापन केली. नोकरीच्या स्पर्धेत गोव्याहून आलेल्या बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी, हा त्यामागील एक हेतू. घरी मराठीची बोली, लुगडे, उंबराचे पाणी अशा लग्नातील चाली जपणारा हा समाज. अधिकारक्षेत्राचा वाद आणि समाजाच्या अस्मिता आता एकमेकींत गुंतल्या.

२१/
विसाव्या शतकात गाठ सुटू लागली ती एका वेगळ्याच मार्गाने. १९१९ मध्ये इंग्रज जेझुइट आल्बन गुडियर मुंबईचे आर्चबिशप झाले. दुहेरी अधिकारामुळे कारभार कसा अडतो, हे त्यांनी रोज अनुभवले. आपण खुर्चीवर असेपर्यंत तोडगा निघणे कठीण, हे ओळखून ते १९२६ मध्ये पदावरून दूर झाले. या तंट्यात आजवर प्रत्येकाने जागा धरून ठेवली होती. जागा रिकामी करणारा हा मोठ्या पदावरील पहिला माणूस.

२२/
१५ एप्रिल १९२८ रोजी रोम आणि पोर्तुगाल यांनी नवा करार केला. दमणच्या धर्मप्रांताचा ब्रिटिश मुलखातील भाग मुंबईत विलीन झाला आणि दमण गोव्याला जोडले गेले. मुंबईत एकच आर्चबिशप राहील. तो आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असेल. पहिली पाळी जोआकिम लीमा या पोर्तुगीज जेझुइटांची. दुहेरी सत्ता संपली. १७२० पासून मोजले, तर २०८ वर्षांनी.

२३/
तरीही या करारात एक मोठी उणीव होती. पाळी पोर्तुगीजाची, मग ब्रिटिशाची, मग पुन्हा पोर्तुगीजाची. मग भारतीयाची पाळी कधी? ज्यांच्या नावाने दोन शतके भांडण चालले, त्या ईस्ट इंडियन आणि गोवेकर भक्तांमधून आर्चबिशप होण्याची तरतूदच नव्हती. दोन पक्षांचे समाधान झाले म्हणजे न्याय झाला, असे नसते. तिसरा, ज्याला चर्चेला बोलावलेच नाही, तो बाहेर उभा असतो.

२४/
१९३७ मध्ये लिव्हरपूलचे थॉमस रॉबर्ट्स हे जेझुइट आर्चबिशप झाले. आपल्यानंतर पुन्हा पोर्तुगीजाची पाळी येणार, हे त्यांना माहीत होते. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांचे साहाय्यक बिशप झाले. ग्रेशियस यांचा जन्म कराचीचा, कूळ गोव्याचे. मग रॉबर्ट्स स्वतः मुंबईपासून दूर राहिले आणि कारभार ग्रेशियस यांच्या हाती राहू दिला. पद न सोडता सत्ता सोडण्याची ही युक्ती होती : पाळीचा नियम न मोडता त्यांनी तो निरर्थक करून टाकला.

२५/
जुलै १९५० मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात शेवटची बोलणी झाली. पोर्तुगालने मुंबईसह स्वतंत्र भारतातील पीठांसाठी नावे सुचविण्याचा हक्क सोडला. रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षाअखेर ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. गोव्याच्या कुळातला माणूस रोमच्या पीठावर बसला. दोन्ही परंपरांना त्याला परका म्हणता येईना.

२६/
आता मागे वळून पाहिले, तर मिटविण्याचे चार प्रयत्न दिसतात. १७२० आणि १८३८ मध्ये हुकूम झाला. त्याने जखम झाली. १७९४ मध्ये वाटणी झाली; तिने अंतर वाढले. १८८६ मध्ये दोघांनाही मान्यता मिळाली; तिने अपमान संपला, पण दुरावा राहिला. १९२६ ते १९५० या काळात अधिकारावरील माणसे आणि अखेर एक राष्ट्र आपला हक्क सोडण्यास तयार झाले. तेव्हाच एकच घर उभे राहिले.

२७/
अर्थात हे सारे केवळ सद्गुणाने घडले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पोर्तुगालचे बळ संपले होते, ब्रिटिश राज्य गेले होते, भारत सरकारला परकीय राजसत्तेचा असा हक्क मान्य होण्यासारखा नव्हता. परिस्थितीने दार उघडले, हे खरे. पण उघड्या दारातूनही कोणालातरी आधी बाहेर पडावे लागते. गुडियर आणि रॉबर्ट्स ते पडले, म्हणून त्यांची नावे येथे मुद्दाम घेतली.

२८/
कधी बुधवारी माहीमला गेलात, तर सेंट मायकलसमोरची रांग पाहा. १९४८ पासून दर बुधवारी तेथे नोव्हेना होते. कॅथलिकांबरोबर हिंदू, मुसलमान, पारशीही मेणबत्ती घेऊन उभे असतात. १८५३ मध्ये याच जागी दोन जमाव एकमेकांना आत येऊ देत नव्हते. रांगेतल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही, आणि आपण पाद्रोआदोचे की प्रोपागांडाचे, हे आता कोणी कोणाला विचारत नाही. दादरच्या बसथांब्यावर तेवढे एक नाव उरले आहे.

धागा समाप्त. आपल्या घरी, विशेषतः वसई, वांद्रे, गिरगाव किंवा माझगावच्या जुन्या कुटुंबांत, ‘आपण कोणत्या बिशपचे’ अशी आठवण कोणी सांगत असेल, तर ती अवश्य लिहून ठेवा. असा इतिहास दफ्तरांइतकाच आजी-आजोबांच्या बोलण्यात असतो.